आधी फोन, मग चौकशी
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही चौघे निवृत्त. आयुष्य किरणोत्सार आणि वायू मोजणारी यंत्रं जुळवण्यात, दुरुस्त करण्यात गेलं. बोलायला एकजण उभा असला तरी मजकूर चौघांचा आहे, म्हणून 'आम्ही'. न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स आणि ईसीआयएल याच हैदराबादेत असल्यामुळे अणुभट्टी म्हणजे काय हे इथे नव्यानं सांगायला नको. आजचा विषय छोटा आहे. संशोधनासाठीच्या भट्टीत काही बिघडलं, तर ती चालवणाऱ्यांनी नियामकाला, म्हणजे परवाना देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या संस्थेला, केव्हा आणि काय कळवायचं?

३ फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट. अमेरिकेत मेरीलँड राज्यात गेथर्सबर्ग इथे तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेची, 'निस्ट'ची, २० मेगावॉटची भट्टी आहे. ती वीज बनवत नाही; शास्त्रज्ञांना प्रयोगांसाठी न्यूट्रॉन पुरवते. इंधन बदलून झाल्यावर त्या सकाळी नऊच्या सुमारास भट्टी पुन्हा सुरू करत होते. अचानक हवा बाहेर सोडणाऱ्या चिमणीतला किरणोत्सार वाढला आणि भट्टी आपोआप बंद झाली. चालवणाऱ्यांनी 'अलर्ट' जाहीर केला आणि नियामकाला, तिथल्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनला, कळवलं. कमिशनचं मुख्यालय जवळच रॉकव्हिलला. तिथे फोन घ्यायला चोवीस तास माणसं बसलेली असतात.

त्या घटकेला चालवणाऱ्यांना काय माहीत होतं? चिमणीतला काटा चढला, एवढंच. कुठला इंधन जुडगा, का, किती नुकसान, काही नाही. तरी फोन गेला. कारण कुठली परिस्थिती म्हणजे कुठल्या पायरीची आणीबाणी, हे आधीच कागदावर ठरलेलं असतं. 'कळवू की नको' यावर ऐन वेळी खल करायचा नसतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. आमचाच अनुभव सांगतो. एका कारखान्यात (भट्टी नव्हे, साधा रासायनिक कारखाना) आम्ही वायू मोजणारी यंत्रं बसवत होतो. रात्री दोनला एक घंटा वाजली. आम्ही वीस मिनिटं यंत्रच तपासत बसलो. खोटी घंटा निघाली तर साहेबांची झोपमोड आणि सकाळी आपली शोभा! घंटा खरी होती. झडप बंद करणारा मुकादम आमच्याआधी शहाणा निघाला म्हणून निभावलं. लॉगबुकात मात्र ती वीस मिनिटं आजही कोरी असतील.

तर पुन्हा गेथर्सबर्गला. नंतर कॅमेरे आत सोडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. भट्टीत ३० इंधन जुडगे असतात. ४ जानेवारीला इंधन बदलताना त्यातल्या एकाची खिटी नीट बसली नव्हती. तो जागेवरून उचलला गेला, त्याला थंड करणारं पाणी पुरेसं मिळेना आणि त्याचा काही भाग वितळला. इंधनाच्या आवरणाचं तापमान सुरक्षा मर्यादेपलीकडे, म्हणजे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं होतं, हे संस्थेनं नियामकाला कळवलं ते २ मार्चला. बाहेरच्या लोकांपर्यंत पोचलेली मात्रा मर्यादेच्या तुलनेत अगदीच किरकोळ होती.

म्हणजे पहिला फोन काही मिनिटांत, पूर्ण हकीकत महिन्याभरानं. आमच्या मते यात वावगं काही नाही. दोन्ही निरोप आपापल्या जागी हवेत. दोष होता तो जानेवारीत. खिटी बसली की नाही हे तपासण्याची रीत होती, पण ती कागदावर पुरती उतरलेली नव्हती आणि नव्या माणसांना नीट शिकवलेली नव्हती. जुनी जाणती माणसं निवृत्त होताना हातातलं ज्ञान हातातच घेऊन गेली. (आम्हा चौघांनाही हे वाचून जरा अवघडल्यासारखं झालं.) भट्टी पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली ती मार्च २०२३ मध्ये.

फोन उचलणाऱ्याचीही बाजू असते. १९७९ साली थ्री माइल आयलंडला, वीज बनवणाऱ्या भट्टीत, मोठा अपघात झाला. २८ मार्चच्या सकाळी सातनंतर तिथून नियामकाच्या विभागीय कार्यालयात फोन गेला, तर तो निरोप घेणाऱ्या सेवेनं उचलला; अधिकारी कामावर यायला निघालेले, वाटेत! पाऊणएक तास असाच गेला. थेट फोनलाइन आणि चोवीस तासांचा पहारा याचा आग्रह त्यानंतर वाढला.

दोन दिवसांनी त्याहून विचित्र घडलं. हेलिकॉप्टरनं मोजलेला ताशी १२०० मिलिरेम हा आकडा वॉशिंग्टनकडच्या कार्यालयात पोचला. आकडा बरोबर होता. पण तो थेट चिमणीच्या डोक्यावरचा आहे, गावातला नाही, हे वाटेत गळलं. योगायोग असा, की कार्यालयातल्या एकानं गावासाठी मांडलेल्या हिशेबातही नुकताच तेवढाच आकडा आला होता. झालं, गाव रिकामं करण्याची शिफारस गेली. आपल्या विसर्जन मिरवणुकीत 'मूल सापडलं आहे' एवढंच माइकवरून सांगितलं आणि कुठे ते सांगायचं राहिलं, तर काय गोंधळ उडेल? किती, कुठे, किती वाजता, कुणी मोजलं: चारही एका दमात सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवावं लागतं.

आता आपल्याकडे. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. मात्र २००० सालापासून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या सोयी त्याच्या कक्षेतून काढल्या गेल्या. ध्रुव भट्टीवर देखरेख केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेची असते. त्यामागे संरक्षणाची कारणं आहेत, ती आम्हाला समजतात. तिथल्या माणसांच्या ज्ञानाबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण फोन करणारा आणि उचलणारा एकाच वाड्यातले असले, की 'साहेबांची झोपमोड' हा प्रश्न जास्त अवघड होतो. बाहेरचा नियामक परका असतो, आणि या एका कामाला तो परकाच बरा. हे आमच्यातल्या तिघांचं मत. चौथ्याला ते मान्य नाही, तो समोरच बसला आहे.

आरतीची घंटा झाली. प्रश्न प्रसादानंतर घेऊ; चौथ्यालाही तेव्हाच बोलू द्या. गणपती बाप्पा मोरया!