वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ आणि पडद्यावरची अक्षरे

(अमरावती व अकोला येथील चित्रकलेच्या आणि संगणक-चित्रणाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रपटगृहात पडद्यावर नावे येऊ लागतात, तो वेळ आपल्याकडे खुर्ची शोधण्याचा आणि मुलांना गप्प बसविण्याचा मानला जातो. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात ‘महाभारत’ दाखविले जात असे, तेव्हा मात्र घरोघरी नेमके उलटे घडत असे. शंखध्वनी, महेंद्र कपूर यांच्या स्वरातील गीतेचे श्लोक आणि पाठोपाठ येणारे कालचक्र, एवढे चुकू नये म्हणून माणसे आधीच येऊन बसत. कथा अद्याप सुरू व्हायची असे; मन मात्र तिच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिलेले असे. शीर्षकदृश्याचे काम ते हेच.

अमेरिकेत सॉल बास या कलावंताने १९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटाच्या शीर्षकात कागदातून कापल्यासारखा एक वाकडा हात आणला. व्यसनात अडकलेल्या नायकाची सारी तडफड त्या एका आकारात सामावली होती. तिकडेही तोवर नावे पुष्कळदा बंद पडद्यावरच उमटत. या चित्रपटाच्या रिळांबरोबर, नावे येण्यापूर्वी पडदा उघडावा, अशी लेखी सूचना धाडावी लागली. शीर्षककलेचा इतिहास अनेकदा येथूनच सांगितला जातो. आपल्या विद्यार्थ्यांनी तो तसाच पाठ करण्याचे कारण नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके त्यापूर्वी मुद्रणाच्या व्यवसायात होते. ठसा, शाई आणि अक्षर यांच्यावर त्यांचा हात बसलेला होता. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, अशा चिकाटीने निर्जीव काड्या चालत्या केल्या. आज ज्याला मोशन ग्राफिक्स म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही.

अमरावतीला तर हा विषय परका नव्हेच. सी. पी.-बेरार या नावाने चित्रपटव्यवसायात ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातील वितरकांच्या कचेऱ्या या शहरात होत्या आणि रिळांच्या पेट्या येथून गावोगावच्या टॉकीजमध्ये जात. मध्यंतरात पडद्यावर स्लाइडी झळकत. सराफाची पेढी, कापडाचे दुकान, बियाणे, सारे काचेवर हाताने रंगविलेले. त्या पेंटरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चार बोटांच्या काचेवरचे अक्षर भिंतीएवढे झाले की कुंचल्याचा एक केसही लपत नाही, हे त्यांना कोणत्याही पदविकेशिवाय ठाऊक होते.

आज मुलांच्या हाती संगणक आहे आणि अडचण तेथेच सुरू होते. या कामाच्या बहुतेक प्रणाली रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडल्या. रोमन छापील अक्षर एकएकटे उभे असते. ते उडवा, फिरवा, टपटप पाडा, काही बिघडत नाही. देवनागरी अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. ‘विदर्भ’ हा शब्द घ्या. संगणक ‘व’ आधी साठवतो आणि वेलांटी नंतर. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. रफार साठविला जातो ‘भ’च्या आधी आणि बसतो ‘भ’च्या डोक्यावर. चिन्हे सुटी करून एकेक आणण्याची आज्ञा दिली की जुन्या प्रणालींत शब्दाचा चिवडा होत असे. भारतीय लिप्यांची सोय नीट चालू केलेली नसेल तर तो आजही होतो. ‘वऱ्हाड’ या नावाचे हाल त्याहून अधिक. ‘ऱ्ह’मधला तो अर्धा र मराठीची खास खूण आहे. टंक निष्काळजीपणे निवडला की त्याचा रफार होतो आणि पडद्यावर भलताच शब्द अवतरतो. वऱ्हाडातल्या मुलाने स्वतःच्याच प्रांताचे नाव अशुद्ध नाचवावे आणि त्याचे मोलही घ्यावे, यापरते दुर्दैव कोणते?

उपाय अवघड नाही, वेळखाऊ आहे. शब्द आधी शुद्ध लिहून त्याचे आकृतीत रूपांतर करायचे. मग दंड, वेलांटी, मात्रा, शिरोरेषा यांचे निरनिराळे थर पाडायचे. आपण हाताने लिहितो तेव्हा आधी अक्षरे काढतो आणि मग त्यांच्यावर रेघ ओढतो. पडद्यावरही तोच क्रम ठेवून पाहावा. सुटी अक्षरे एकेक करून येतात, डावीकडून रेघ सरकत जाते आणि त्यांचा शब्द होतो. ही गती रोमन लिपीला साधणारच नाही, ती देवनागरीच्या घडणीतूनच निघते. दूरचित्रवाणीसाठी आपल्याकडे सेकंदाला २५ चौकटी धरतात. ४० सेकंदांच्या शीर्षकाच्या १००० चौकटी झाल्या. त्यात रेघ केव्हा सुरू व्हावी आणि केव्हा थांबावी, याचा हिशेब आधी कागदावर मांडलेला बरा. आणखी एक बारकावा असा की, जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणी संचावर फार बारीक आडवी रेघ थरथरत असे. म्हणजे तेथे पहिला घाव शिरोरेषेवरच बसे. म्हणून ती थोडी जाडच ठेवावी लागे.

हिंदी चित्रपटांतील संवाद हिंदीत आणि नावे रोमन लिपीत, ही रीत इतकी रुळली आहे की आता ती कोणाला खटकतही नाही. खटकली पाहिजे. देवनागरीत काम करणाऱ्याला गुरुपरंपरेची वाण नाही. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ अशा नाटकांची नावे कमल शेडगे यांनी अशी रेखाटली की वृत्तपत्रातील जाहिरातीतच नाटकाची प्रकृती कळावी. २०२० साली ते गेले. सांगलीचे र. कृ. जोशी जाहिरातक्षेत्रातून आले आणि ‘मंगल’ हा टंक घडवून त्यांनी देवनागरीला विंडोजवर बसविले. शासनाने २००९ साली निर्णय काढून देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठीची वळणे निश्चित केली आहेत. शीर्षक मराठी असेल तर निदान तेवढे पाहावे.

विषयांसाठीही मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपल्या. ‘लीळाचरित्रा’वर माहितीपट करायचा झाल्यास सकळ लिपीतील एकेक अक्षर पालटत देवनागरी नाव उलगडावे, यासारखे शीर्षक दुसऱ्या कोणत्या प्रांताला सुचणार?

संघसंस्कारात वाढलेले आणि संस्कार भारतीच्या कार्याशी निगडित असलेले दिग्दर्शक राजदत्त हे याच जिल्ह्यातील धामणगावचे. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. १९७७ साली त्यांनी गाडगेबाबांवर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट केला, त्यात बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. आज बाबांवर दोन मिनिटांची जरी चित्रफीत करायची ठरली, तर येथील विद्यार्थ्याने काय करावे? सोनेरी, चकाकणारी, गरगर फिरणारी अक्षरे बाबांना शोभणार नाहीत. पडदाभर धूळ असावी. एका बाजूने खराटा यावा, त्याच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी मातीखालचे एकेक अक्षर उघडे पडावे आणि अखेरच्या लांब फटकाऱ्यात शिरोरेषा मोकळी व्हावी. खराट्याचा आवाज आधी यावा की अक्षर आधी दिसावे, हे ज्याने त्याने दोन्ही रीतींनी करून पाहावे.