पुस्तकांचे घर



चाकणकडचा शेतकरी कांद्याची चाळ बांधतो तेव्हा दोन गोष्टी पाहतो. वारा खेळता हवा आणि ओल लागता कामा नये. पण चाळ भरली म्हणून तो तिला कायमचे कुलूप लावून बसतो का? नाही. कांदा राखायचा, तो वेळेवर बाहेर काढण्यासाठी. पुस्तकांचेही असेच आहे.

चाकणहून मोशी, भोसरी, नाशिक फाटा, खडकी असे करीत गणेशखिंडीला गेलात, की विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लागते. इंग्रजी अमदानीत येथे मुंबईच्या गव्हर्नराचा निवास होता. सामान्य माणसाला तिथे कोण विचारणार? १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, आणि लाटसाहेबांच्या आवारात शेतकऱ्यांची मुले शिकू लागली. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. ग्रंथालय सुरू झाले १९५० साली. पुढे त्याला स्वतंत्र इमारत मिळाली, आणि पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांचे नावही.

स्वतंत्र इमारत कशाला? वाड्याच्या दालनात मेजवानी शोभेल, पण ग्रंथांच्या गरजा निराळ्या. पुस्तकांचे ओझे फार, म्हणून जमीन भक्कम हवी. वाचणाऱ्याच्या टेबलावर उजेड हवा, पण पुस्तकावर ऊन नको. आणि प्रत्येक पुस्तकाला क्रमांक हवा, म्हणजे हजारोंतून नेमके तेच हाती येते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला पहिला अगदी साधा: ग्रंथ वापरण्यासाठी आहेत.

शिक्षकबंधुभगिनींनो, आता आपल्या शाळेतले कपाट आठवा. पुस्तकांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात! एखादे हरवले तर जाब आपल्याला, म्हणून किल्ली आपल्याच खिशात. तुमची भीती खोटी नाही. पण मूल शाळा संपवून उद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहील, आणि आपल्या आवडीचे एकही पुस्तक त्याने हाती धरलेले नसेल, तर ती हानी कोणत्या रजिस्टरात लिहायची?

एक वही घ्या. पुस्तकाचा क्रमांक, मुलाचे नाव, नेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख, एवढे चार रकाने पुरेत. वही सांभाळायला मोठ्या वर्गातली दोन मुले नेमा. चार पुस्तके फाटतील. फाटली तर वाचली गेली असे समजा, आणि खळ लावून चिकटवा.

मोठी इमारत सर्वांना बांधता येत नाही. कुलूप मात्र उद्या सकाळी काढता येईल.