जसबीरची जेनिस का झाली?

(सांगोला येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



काल रात्री आपण 'हरे रामा हरे कृष्णा' पाहिला. देव आनंदचा १९७१ सालचा सिनेमा. 'दम मारो दम' लागलं तेव्हा काहीजणींनी तालही धरला. नंतरच्या चर्चेत मात्र एकच सूर निघाला : आईबाप वेगळे झाले की पोरगी अशीच वाया जाते.

हे वाक्य आपल्याला नवं नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला सांगोल्यातही हेच ऐकवतात. म्हणून सिनेमात नेमकं काय घडतं ते पुन्हा आठवू. मुलांची वाटणी होते. प्रशांत आईकडे, जसबीर बापाकडे. आई आणि भाऊ मेले, असं बाप तिला सांगतो. घरात सावत्र आईचा जाच, बापाचं लक्ष नाही. ती घर सोडते आणि काठमांडूच्या हिप्पींमध्ये जेनिस होऊन राहते. मग तिचं नुकसान कशानं झालं? आई वेगळी राहिली म्हणून, की बाप खोटं बोलला म्हणून?

हिप्पी म्हणजे नुसता गांजा नव्हे. युद्ध नको, पैशामागे धावणं नको, म्हणत साठच्या दशकात अमेरिका-युरोपातली तरुण मुलंमुली घराबाहेर पडली. काठमांडूला राहिली, गोव्यात हणजूणला राहिली. नेपाळनं १९७३ साली गांजावर बंदी आणली. पुढे ती लाटही ओसरली. हणजूणला आज बुधवारचा बाजार तेवढा उरला आहे.

पडद्यावर त्या स्वप्नाची किंमत मोजते ती मुलगी. भाऊ पायलट होतो, बहीण जीव देते. आणि काल आपणसुद्धा बापाला जाब विचारला नाही.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली सांगितलं. हे किती बायकांना ठाऊक आहे?

तेव्हा केंद्रात बाई आली की पहिल्याच दिवशी विचारा : मुलं कुठं आहेत? भावंडांची ताटातूट झाली का? आईला भेटू देतात का? घर मोडेल या भीतीनं तिला पुन्हा मारात ढकलू नका. घर मोडलं तरी मूल आईला मुकणार नाही, यासाठी आपण भांडू.