सहा तास आणि त्यापुढची वाट



आपल्या प्लेझान्सच्या विमानतळापासून मुंबई सुमारे ४,७०० किलोमीटर. विमान साधारण सहा तासांत पोचवते. घड्याळ मात्र दीड तास पुढे करावे लागते. आपल्या पूर्वजांनी याच समुद्रावर शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढले, आणि मग पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले.

पण मुंबई हे काही आपले गाव नव्हे. पुष्कळांचे मूळ कोकणात. रत्नागिरीला आगगाडीने जायचे तर पुन्हा जवळजवळ तेवढेच तास. आणि तिथून पुढे? कोणता तालुका, कोणती वाडी? हे तिकिटावर छापलेले नसते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या जुन्या नोंदी आहेत. त्यांत क्रमांक, जहाज, बापाचे नाव, गाव सापडू शकते. गावाचे नाव कारकुनाने कानावर पडले तसे रोमन लिपीत उतरवलेले. (कधी कधी हसू येते, कधी डोके धरावे लागते.) ते एखाद्या कोकणातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावे, ऐकताच तो ओळखण्याची शक्यता जास्त.

म्हणून आपण तिकीट मागाहून काढू. आधी घरातली जुनी ट्रंक उघडू, पणजोबांचा क्रमांक शोधू, आणि वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना गावाचे नाव विचारून लिहून ठेवू.