कंटाळा कुणाला आणि कुणामुळे?



रोजच्या वापरातलं एखादं इंग्रजी विशेषण वाक्यात नेमकं कसं बसवावं, यावर मी आज बोलणार आहे. त्यासाठी मी 'बोअर्ड' हा शब्द निवडला. 'बोअर' आता आपल्या घरातलाच झाला आहे. 'जाम बोअर झालं', 'पिक्चर बोअर आहे', 'बोअर मारू नकोस' हे आजीपासून नातवापर्यंत सगळे बोलतात. पण हाच शब्द इंग्रजी वाक्यात घालायचा म्हटलं की पदवीधर मुलंसुद्धा चुकतात. वर्गात मुलगा म्हणतो, 'आय ॲम बोअरिंग.' त्याला म्हणायचं असतं, मला कंटाळा आलाय. इंग्रजी जाणणाऱ्याला ऐकू येतं, मी कंटाळवाणा माणूस आहे. नोकरीच्या अर्जात 'आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट' असं वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. हुशार, कष्टाळू मुलाची पात्रता एका प्रत्ययापायी झाकली जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी इंग्रजीची बाजू पाहू. कंटाळा आणणे या अर्थाचं 'बोअर' हे तिथं मुळात सकर्मक क्रियापद आहे. कुणीतरी कुणालातरी कंटाळा आणतो. या एका धातूपासून दोन विशेषणं होतात. जो कंटाळा आणतो तो 'बोअरिंग', ज्याला तो आणला जातो तो 'बोअर्ड'. पहिलं विशेषण कर्तरी, दुसरं कर्मणी. 'एक्सायटिंग–एक्सायटेड', 'कन्फ्यूजिंग–कन्फ्यूज्ड', 'टायरिंग–टायर्ड' या जोड्या याच रीतीने चालतात.

मराठी व्याकरण शिकलेल्यांना यात परकं काही वाटू नये. आपण शाळेत धातुसाधित विशेषणं शिकतो. मो. के. दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त धातुसाधितांचा विचार आहे. इतकंच कशाला, या जोड्या आपल्या तोंडी आहेतच. कंटाळवाणं भाषण आणि कंटाळलेला श्रोता. थकवणारा घाट आणि थकलेला बैल. घाबरवणारा आवाज आणि घाबरलेलं पोर. लाजिरवाणा प्रसंग आणि लाजलेली मुलगी. 'मी कंटाळवाणा झालोय, चला घरी जाऊ' असं कुणीही मराठी माणूस म्हणत नाही. म्हणजे फरक आपल्याला ठाऊक आहे.

मग चूक होते कुठे? माझ्या मते ती 'मला कंटाळा आला' या वाक्यात दडलेली आहे. मराठीत भावना माणसाकडे येतात. राग येतो, झोप येते, भूक लागते, भीती वाटते, आठवण होते. वाक्याचा कर्ता असतो तो कंटाळा, माणूस 'मला' होऊन एका बाजूला राहतो. या वाक्यात विशेषण नाहीच, नाम आहे. इंग्रजीत मात्र 'मला'चा 'आय' करावा लागतो आणि नामाच्या जागी विशेषण शोधावं लागतं. घाईत दोन्ही कामं एकदम करताना जो शब्द कानावरून जास्त गेलेला असतो तो मूल उचलतं, आणि तो बहुतेक वेळा 'बोअरिंग' असतो.

यावर उपाय साधा आहे. इंग्रजीत बोलण्याआधी मनातलं वाक्य मराठीतच एकदा बदलून घ्यायचं. 'मला कंटाळा आलाय' ऐवजी 'मी कंटाळलोय' असं म्हणायचं. आता कर्ता 'मी' झाला आणि 'कंटाळलेला' हा अर्थही हाताशी आला. पुढचं 'आय ॲम बोअर्ड' आपोआप येतं.

उसन्या शब्दांचीही मदत होते. आपण इंग्रजी धातू घेतो, त्याची शेपटी काढतो आणि त्याला 'होणं' किंवा 'करणं' जोडतो. 'मी कन्फ्यूज झालो', 'त्या प्रश्नाने मला कन्फ्यूज केलं'. यातला 'झालो' म्हणजे 'कन्फ्यूज्ड'. ज्याने 'केलं', ते 'कन्फ्यूजिंग'. 'बोअर'च्या बाबतीत मात्र आपण सगळं एकत्र करून टाकलं आहे. पिक्चरही बोअर आणि मलाही बोअर. म्हणून याच शब्दावर मुलं सर्वांत जास्त घसरतात.

ही चूक सुधारायला कितीतरी ठिकाणी एक नियम शिकवला जातो : माणसासाठी 'ईडी', वस्तूसाठी 'आयएनजी'. हा नियम चुकीचा आहे आणि तो शिकवणं थांबलं पाहिजे. माणूस बोअरिंग असू शकतो. 'द स्पीकर वॉज बोअरिंग' हे वाक्य निर्दोष आहे, कारण वक्त्याने कंटाळा आणला. उलट 'अ वरीड लुक' हेही बरोबर आहे, कारण नजर वस्तूसारखी वाटली तरी तिच्यातली काळजी माणसाचीच आहे. माणूस की वस्तू, हा प्रश्नच इथे गैरलागू. भावना कुणाला झाली आणि कुणामुळे झाली, एवढंच विचारायचं.

अर्थात सगळे धातू या रांगेत उभे राहत नाहीत. 'इम्प्रेस्ड'ची जोडी 'इम्प्रेसिंग' नव्हे, 'इम्प्रेसिव्ह'. 'स्केअर्ड'ची 'स्केअरी', 'डिलाइटेड'ची 'डिलाइटफुल'. हे पाठच करावे लागतात. शब्दयोगी अव्ययांचंही तसंच. 'इंटरेस्टेड इन', 'एक्सायटेड अबाउट', 'बोअर्ड विथ' किंवा 'बोअर्ड बाय'. 'बोअर्ड ऑफ' आता सर्रास ऐकू येतं, तरी औपचारिक लेखनात मी ते टाळायला सांगतो. 'टायर्ड ऑफ' म्हणजे दमलेला नव्हे, उबगलेला.

आणखी एका शब्दापाशी थोडं थांबतो, कारण त्याची मला विशेष आस्था आहे. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असलाच पाहिजे, पण तो अनइंटरेस्टेड असला तर पक्षकाराचं नशीब फुटलं. आज अनेक जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. हा भेद पुसला गेला तर निःपक्षपातीपणासाठीचा एक चांगला शब्द वाया जाईल. तो आपण तरी जपावा.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. इतकी वर्षं शिकूनही ही चूक कॉलेजपर्यंत टिकते, कारण आपण जोड्यांच्या याद्या पाठ करून घेतो आणि त्या मुलाच्या मराठीशी जोडून देत नाही. समोर बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. दोन्ही शब्द एकाच वाक्यात द्या : 'द लेसन वॉज बोअरिंग, सो वुई वेअर बोअर्ड.' मुलांकडून त्यांच्या दिवसातली अशीच वाक्यं करून घ्या. आणि पालकहो, उद्या तुमचं मूल 'आय ॲम बोअरिंग' म्हणालं तर हसू नका. मराठीत विचारा, 'कंटाळा कुणाला आला, आणि कुणी आणला?' त्याला उत्तर देऊ द्या, मग तेच इंग्रजीत म्हणायला सांगा.