मागे गेलेली ॲप्स

देहूरोड स्थानकात लोणावळा लोकलची वाट पाहताना अनेकांचा अंगठा एकाच कामात गुंतलेला असतो: उघडी ॲप्स वर सरकवून बंद करणं. समज असा, की बॅटरी वाचते. प्रत्यक्षात गाणी किंवा नकाशा चालू नसेल, तर मागे गेलेलं ॲप रॅममध्ये बहुधा नुसतं पडून असतं. जागा अपुरी पडली, की अँड्रॉइड काय नि आयफोन काय, जुनी ॲप्स स्वतःच काढून टाकतो. आपण बंद केलेलं ॲप मात्र पुन्हा स्टोरेजमधून वाचावं लागतं. त्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात. ॲप्स बंद केल्याने बॅटरी वाचत नाही, हे ॲपलचे क्रेग फेडरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर यांनी २०१६ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा अडकलेलं ॲप तेवढं बंद करा, बाकीचं फोनवर सोपवा.