निरवानिरव



घरची मंडळी जेवणखाण उरकून निवांत बसलीं असतां मास्तरांनीं मरणाची गोष्ट कां काढावी, अशी शंका आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत आली असेल. शंका रास्त आहे. परंतु माझा विषय नेमका तेथूनच सुरू होतो. ही गोष्ट काढावयास योग्य अशी वेळ आपल्याला कधीं सांपडतच नाहीं.

शब्द मात्र आपल्या मराठींत उदंड आहेत. घरचें माणूस वारतें, निवर्ततें, त्यास देवाज्ञा होते. शिवभक्त कैलासवासी होतो, विष्णुभक्त वैकुंठवासी होतो. ख्रिस्ती गृहस्थास आपण ख्रिस्तवासी म्हणतों, मुसलमान गृहस्थास पैगंबरवासी. संन्यासी समाधिस्थ होतो, शिपाई धारातीर्थीं पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजीं गेले, तो दिवस महापरिनिर्वाणदिन म्हणून पाळला जातो. 'मरणें' हें साधें क्रियापद आपण बहुतेक जनावरासाठीं, शत्रूसाठीं आणि शिवीसाठीं राखून ठेविलें आहे.

अमंगल शब्द टाळण्याची ही संवय मरणापुरतीच नाहीं. बांगडी फुटली असें म्हणावयाचें नाहीं, वाढवली म्हणावयाचें. दुकान बंद करावयाचें नाहीं, वाढवावयाचें. घरून निघतांना 'जातों' म्हणावयाचें नाहीं, 'येतों' म्हणावयाचें. १७६१ सालीं पानिपतावर झालेल्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांस एका सावकारी पत्रावरून कळली, असें सांगतात. त्या पत्रांत माणसांचीं नांवें नव्हतीं. गळालेल्या दोन मोत्यांचा आणि हरवलेल्या मोहरांचा हिशेब होता. तीं दोन मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हें वाचणाऱ्यास समजलें.

हें सगळें ढोंग आहे, असें मला म्हणावयाचें नाहीं. समाचारास गेलेला मनुष्य उठतांना 'येतों' म्हणत नाहीं. अशा कारणानें या घरीं पुन्हां येण्याची पाळी न यावी, ही त्यांतील भावना आहे. दुःखितांच्या मनास धक्का लागूं नये म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनीं भाषेला लावलेलें हें वळण आहे, आणि त्यांत सहृदयता आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे सारे शब्द माणूस गेल्यानंतरचे आहेत, आणि ते मागें राहिलेल्यांसाठीं आहेत. जो अजून जावयाचा आहे, अंथरुणावर पडला आहे आणि ज्यास सर्व कांहीं समजत आहे, त्याच्याशीं काय बोलावें? तेथें आपली भाषा 'बरें वाटेल हो' यापुढें जात नाहीं.

माझे एक सहशिक्षक पोटाच्या कर्करोगानें आजारी होते. दुखणें हाताबाहेर गेल्याचें डॉक्टरांनीं मुलांस बाहेर बोलावून सांगितलें. मुलांनीं तें वडिलांस सांगितलें नाहीं. 'दादा, पावसाळा सरला कीं आपण हिंडूंफिरूं लागाल,' असें सगळे म्हणत. एके दिवशीं खोलींत कोणी नाहींसें पाहून ते मला म्हणाले, 'मास्तर, यांना सर्व ठाऊक आहे, आणि मलाही. त्यांना वाईट वाटूं नये म्हणून मीही पावसाळ्यानंतरच्या गोष्टी बोलतों.' त्यांची इच्छा एकच होती. शेताच्या वाटणीवरून धाकट्या भावाशीं बारा वर्षें अबोला होता, तो मोडावा. परंतु भावाला बोलावणें धाडणें म्हणजे आपण जाणार हें उघड कबूल करणें. मीं थोरल्या मुलाजवळ गोष्ट काढली. 'दादांचा धीर सुटेल' म्हणून त्यानें ती टाळली. भाऊ आला तो दहाव्याला. ओसरीवर तासभर मुकाट्यानें बसला आणि रिवाजाप्रमाणें 'येतों' न म्हणतां निघून गेला.

दादांचा धीर सुटला नव्हता. धीर नव्हता तो भोंवतालच्या माणसांना.

आपल्या भाषेंत जाणाऱ्या माणसाच्या हक्काचा असा एक जुना शब्द आहे : निरवानिरव. निरवणें म्हणजे सोंपविणें, हवालीं करणें. कोणाचें देणें, कोणाचें घेणें, दागिने कोठें आहेत, धाकटीचें कोणी पाहावयाचें, हें स्वतःच्या तोंडानें सांगून मोकळें होणें म्हणजे निरवानिरव. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नांवावरील अभंग वारकरी मंडळींच्या परिचयाचे आहेत. त्यांत जाणाऱ्याचा निश्चय सर्वांस आधीं ठाऊक आहे; संतमंडळी जमली आहे, निरोप दिला-घेतला जात आहे, आणि कोणी आपलें रडूं लपवीत नाहीं.

आधुनिक वैद्यकही फिरून याच वाटेवर आलें आहे. डॉ. सिसिली साँडर्स या बाई आधीं परिचारिका होत्या, मागाहून डॉक्टर झाल्या. त्यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हें हॉस्पिस काढलें. रोग्याची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरादाराची आणि श्रद्धेचीही असते, हें त्यांचें सांगणें होतें. आपल्याकडे मुंबईस वांद्रे येथें १९८६ सालीं शांति अवेदना सदन निघालें, तें हिंदुस्थानांतील पहिलें हॉस्पिस. अशा ठिकाणीं रोग हटविण्याचा अट्टाहास नसतो. दुखणें हलकें करणें आणि रोग्याचें ऐकून घेणें, हें काम असतें.

कायद्यानेंही आतां या बोलण्यास जागा दिली आहे. ९ मार्च १९१८ रोजीं नव्हे, तर त्यानंतर पुरीं शंभर वर्षें लोटल्यावर, ९ मार्च २०१८ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, बरें होण्याची आशा नसतां केवळ यंत्राच्या आधारें आपणांस जगवूं नये, असें सज्ञान मनुष्यास शुद्धीवर असतांना लिहून ठेवतां येतें. तेव्हां त्या लेखावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३ सालीं ती अट गेली. दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरेसे झाले. उपचार थांबविण्यापूर्वीं डॉक्टरांच्या दोन मंडळांनीं विचार करावा, हें बंधन आहे. परंतु कागद आपला आपण लिहीत नाहीं. आधीं घरांत बोलणें व्हावें लागतें.

ज्यास ऐकावयाचें नाहीं त्याच्यावर सत्य लादूं नये, हें मलाही मान्य आहे. पण त्यानें विषय काढला तर तो बंद करूं नये. 'असें अभद्र बोलूं नका' या चार शब्दांनीं आपण त्याचें तोंड मिटतों. त्याऐवजीं खुर्ची जवळ ओढावी आणि विचारावें : कोणाला भेटावयाचें आहे? कोठें राहावेंसें वाटतें? आम्हांस काय सांगावयाचें आहे? उत्तर ऐकतांना डोळ्यांस पाणी आलें तरी येऊं द्यावें.

आणि आपण जे धडधाकट आहोंत, त्यांनीं तरी पावसाळा सरण्याची वाट कां पाहावी? ज्या भावाशीं अबोला आहे त्यास या आठवड्यांत एक पत्र टाकावें. निरवानिरवीला तेथून आरंभ करतां येतो.